अपडेट झालं आणि डिस्कच दिसेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र, साडेदहा-साडेअकराचा सुमार. त्यामुळे कुडाळात माझ्या टेबलावरचा फोन जास्त वाजतो तो बुधवारी. "कंप्युटर काल रातीपर्यंत बरो होतो, आज बघलंय तर सगळो निळो!" मालवण असो, वेंगुर्ला असो की देवगड, वाक्य साधारण हेच. तीच ती उत्तरं देऊन घसा बसायला लागला म्हणून ती इथे लिहून ठेवली. विंडोजबद्दल जास्त, लिनक्सबद्दल थोडं आणि मॅकबद्दल नावापुरतं आहे, कारण माझ्याकडे मशीनं त्याच प्रमाणात येतात.

घाईत असाल तर एवढंच वाचा: डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्कवरचं सगळं गेलं असं नाही. कोणी "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला तर त्याला चहा द्या, मशीन देऊ नका.

निळ्या स्क्रीनवर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" असं आलंय. डिस्क गेली का?

बहुतेक वेळा नाही.

बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद डिस्क वाचायचं काम मदरबोर्डवरचं फर्मवेअर करतं, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. ते विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून ठेवतं आणि बाजूला होतं. तिथून पुढे डिस्कशी बोलायचं ते विंडोजच्या स्वतःच्या स्टोरेज ड्रायव्हरने, म्हणजे डिस्क चालवायच्या छोट्या प्रोग्रामने. तो लोड झाला नाही, किंवा लोड होऊनही समोरच्या कंट्रोलरशी, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या चिपशी, त्याचं जमलं नाही, की विंडोजला स्वतःच्याच फाइली वाचता येत नाहीत. म्हणून तर आधी लोगो दिसतो, खालचे ठिपके दोन-चार वेळा फिरतात आणि मग निळं होतं. ठिपके फिरले याचा अर्थ फर्मवेअरला डिस्क निदान तेवढी तरी वाचता आली.

समजवायला मी तरीचं, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीचं, उदाहरण देतो. खाडीपलीकडचं गाव जागच्या जागी आहे, तरीवाला आज आला नाही. म्हणून पलीकडचं गाव बुडालं असं कोणी म्हणत नाही. ड्रायव्हर म्हणजे तो तरीवाला.

या चुकीचा स्टॉप कोड ७बी. दुरुस्तीवाल्याला फोनवर "सात बी आलाय" एवढं सांगितलंत तरी त्याचं निम्मं काम होतं.

सुरक्षा अपडेटचा आणि डिस्कच्या ड्रायव्हरचा संबंधच काय?

सुरक्षा अपडेट म्हणजे व्हायरसची यादी ताजी करणं, असा समज आहे. ते काम डिफेंडर वेगळं आणि रोजच्या रोज करतो. महिन्याचं अपडेट विंडोजच्या गाभ्यातल्या फाइली बदलतं. त्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे स्टोरेज ड्रायव्हरही असू शकतात: साटा या जुन्या पद्धतीच्या डिस्कचा स्टोरएएचसीआय, एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीच्या डिस्कचा स्टोरएनव्हीएमई, आणि या दोघांचा मुकादम स्टोरपोर्ट.

आता तुमच्या मशीनमध्ये इंटेलचा किंवा एएमडीचा वेगळा ड्रायव्हर असेल आणि तो चार-पाच वर्षं जुना असेल, तर गाभ्यातला एखादा नियम बदलल्यावर त्याचं बिनसू शकतं. दुसरं, विंडोजकडे धोकादायक ड्रायव्हरांची एक काळी यादी असते. ज्या ड्रायव्हरमधल्या भोकातून हल्लेखोर थेट कर्नलमध्ये शिरू शकतो, त्याचं नाव त्या यादीत चढतं आणि तो लोडच होऊ दिला जात नाही. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून ही यादी मूळचीच चालू असते. तिसरं, मंगळवारच्या अपडेटच्या पाठीवर बसून कधी कधी इंटेलचा वगैरे नवा ड्रायव्हरही येतो. बिघडवणारा तोच असतो आणि शिव्या सुरक्षा अपडेटला बसतात.

आणि चौथं कारण, जे माझ्या टेबलावर तरी सगळ्यात जास्त येतं: रीस्टार्ट. लोक लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटतात, तो महिनाभर झोपतो-उठतो, खऱ्या अर्थाने बंद होतच नाही. अपडेट आलं की तो पहिल्यांदा पुरता बंद होऊन चालू होतो. मग महिनाभरात जे काही बिघडलेलं असेल, ढिली केबल, मरायला टेकलेली डिस्क, बायोसची बदललेली सेटिंग, ते सगळं त्याच सकाळी बाहेर येतं.

हे खरंच घडतं, की व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी?

दोन्ही आहे. खात्रीच्या चार गोष्टी सांगतो.

१० ऑक्टोबर २०१७ चं विंडोज १० चं अपडेट. मायक्रोसॉफ्टकडून प्रकाशित करताना चूक झाली आणि ज्या कार्यालयांत अपडेट मध्यवर्ती सर्व्हरवरून वाटलं जातं, तिथल्या मशीनांवर नेमकी हीच ७बी ची निळी स्क्रीन आली. घरगुती मशीनं त्यातून वाचली.

२०१८ च्या एप्रिलमधलं मोठं अपडेट, आवृत्ती १८०३. इंटेलच्या ६००पी मालिकेतल्या एसएसडी (फिरता भाग नसलेल्या डिस्का) असलेल्या मशीनांचं त्याच्याशी जमेना. मायक्रोसॉफ्टने त्या मशीनांना ते अपडेट देणंच थांबवलं आणि पुढे दुरुस्ती आली.

२०१९ मध्ये आवृत्ती १९०३ च्या वेळी इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरची पाळी. १५.१.०.१००२ पासून १५.५.२.१०५३ पर्यंतच्या आवृत्त्या अडल्या. १५.५.२.१०५४ किंवा त्यापुढची टाकली की मार्ग मोकळा. शेवटच्या एका आकड्याचा फरक! म्हणून मी लोकांना ड्रायव्हरची आवृत्ती पूर्ण लिहून ठेवायला सांगतो, "पंधरा काहीतरी" असं नाही.

२०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ ने वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या डिस्कच्या २ टीबी मॉडेलांना त्रास दिला. या डिस्कवर स्वतःची रॅम नसते, त्या कॉम्प्युटरच्या रॅमचा थोडा तुकडा उसना घेतात. आधीची विंडोज ६४ एमबी देत असे. नव्या आवृत्तीने डिस्कने मागितले तेवढे, म्हणजे २०० एमबी दिले, आणि डिस्कच्या फर्मवेअरला, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रामला, ते झेपलं नाही. कंपनीने नवं फर्मवेअर काढलं आणि विषय मिटला.

नीट बघितलंत तर या चारपैकी सुरक्षा अपडेट पहिलंच. बाकीची तीन म्हणजे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येणारी मोठी आवृत्ती-अपडेट्स होती. धोका तिथे जास्त असतो.

मग २०२५ च्या ऑगस्टमधलं ते एसएसडी गायब होण्याचं प्रकरण?

१२ ऑगस्ट २०२५ च्या अपडेटनंतर बातमी पसरली की साठ टक्क्यांहून जास्त भरलेल्या एसएसडीवर एका दमात ५० जीबीच्या आसपास काही लिहिलं की डिस्क नाहीशी होते. बोट मुख्यतः फायसन कंपनीच्या कंट्रोलरकडे दाखवलं गेलं. फायसनने साडेचार हजार तासांहून जास्त चाचण्या केल्याचं सांगितलं, त्यांना तो बिघाड काही पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टनेही अपडेटचा आणि त्या बिघाडांचा संबंध आढळला नाही असं जाहीर केलं.

पण इथे तेव्हा काय चाललं होतं? २७ ऑगस्टला गणपती. मुंबईहून आलेले चाकरमानी लॅपटॉप घेऊन पडवीत बसलेले, दिवसभर हॉटस्पॉटवर काम, संध्याकाळी आरती. प्रत्येकाच्या फोनवर तो मेसेज आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, अपडेट करू की नको. मी दोघा-तिघांना पंधरा दिवस थांबा म्हटलं. बातमी पोकळ निघाली म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. गावाला आलेल्या माणसाने मोदक खायचे की डिस्क रिकव्हरी करत बसायचं?

स्क्रीन निळी आहे, आत्ता समोर आहे. पहिलं काय करू?

फोटो काढा. मग चार्जर आणि कीबोर्ड-माउस सोडून जे जे यूएसबीला लावलंय ते सगळं उपटा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, बोटाचा ठसा घेणारं यंत्र. सेवा केंद्रवाल्यांकडे यातच निम्मे प्रश्न सुटतात, कारण मशीन कधी कधी विसरलेल्या पेनड्राइव्हवरूनच चालू व्हायला बघत असतं.

त्यानंतर बायोसमध्ये शिरा. कंपनीप्रमाणे एफ२, डिलीट किंवा एफ१०. तिथल्या यादीत डिस्कचं नाव आणि आकार दिसतोय का, एवढंच बघायचं. दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे आणि प्रश्न ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा आहे. तिथेही नसेल तर ड्रायव्हरचा विषय संपला. ती डिस्क, केबल किंवा बोर्डाची गोष्ट आहे, आणि मग घरी खटपट करू नका.

डिस्क दिसली असेल तर मशीन दोन-तीनदा अर्धवट चालू होऊन पडू द्या. विंडोज आपणहून दुरुस्तीच्या निळ्या पानावर येतं. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. दोन पर्याय दिसतील: क्वालिटी अपडेट आणि फीचर अपडेट. महिन्याचं सुरक्षा अपडेट म्हणजे क्वालिटी. ते काढा. वीस मिनिटं लागली तरी बटण दाबून धरू नका.

त्याने झालं नाही तर स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड. सेफ मोडमध्ये चालू झालं तर सुटलात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरवर जाऊन "रोल बॅक ड्रायव्हर" करा, तो पर्याय राखाडी असेल तर कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन टाका.

"रीसेट धिस पीसी" हे बटण त्याच पानावर मोठ्या अक्षरांत असतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. "कीप माय फाइल्स" म्हटलं तरी टॅलीसारखे प्रोग्राम उडतात, आणि त्यांचा डाटा नेहमीच्या फोल्डरांत ठेवलेला नसेल तर त्याची काय हमी?

एक बारकावा कमांड लाइनवर जाणाऱ्यांसाठी. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमची सी तिथे डी किंवा ई असू शकते. आधी डिस्कपार्टमध्ये व्हॉल्यूमची यादी बघा आणि मगच काही करा. आणि तिथे डिस्क दिसली नाही म्हणून लगेच घाबरू नका, त्या छोट्या विंडोजकडेही कधी कधी तुमच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो.

बायोसमधली ती एएचसीआय आणि रेडची भानगड काय आहे?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवा. म्हणून मीच घातलाय.

डिस्कचा कंट्रोलर कुठल्या पद्धतीने बोलणार, ते बायोसमध्ये ठरतं. एएचसीआय ही साधी पद्धत, रेड (अनेक डिस्का एकत्र जोडून चालवायची) किंवा इंटेलची व्हीएमडी ही दुसरी. विंडोज ज्या पद्धतीवर बसवलं, त्या पद्धतीचा ड्रायव्हर ते सुरुवातीला उठवतं. मध्येच पद्धत बदलली तर ७बी. यात डिस्क बिघडत नाही, विंडोजही बिघडत नाही, अपडेटचाही काही दोष नसतो.

आता ती आपोआप कशी बदलते ते ऐका. देवगडकडचे एक आंबा बागायतदार. कॉम्प्युटर चालतो तो मोसमात. पेट्यांचा हिशेब, दलालांच्या पट्ट्या, मजुरांची हजेरी. पावसाळ्यात त्याला प्लास्टिकची पिशवी घालून कोपऱ्यात ठेवतात. फेब्रुवारीत काढला, दिवसभर चालला, आठ महिन्यांचं साचलेलं अपडेट उतरलं, संध्याकाळी "अपडेट अँड शट डाउन" केलं. झोपताना सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद. सकाळी निळा. भाच्याने विंडोजचा पेनड्राइव्ह तयारच ठेवला होता, मी पोचायला तासभर उशीर केला असता तर पाच वर्षांचे हिशेब पुसले गेले असते. बॅकअप? "आहे ना, डेस्कटॉपवर."

बायोस उघडला तर तारीख १ जानेवारी २०१५. तिथेच कळलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन प्लगला असताना घड्याळ विजेवर चालतं. भिंतीवरचं बटण बंद असताना सगळा भार त्या सेलवर. महिनोनमहिने बंद ठेवलेल्या मशीनचा सेल म्हणूनच लवकर उतरतो. मीटर लावला तर २.१ व्होल्ट, आणि सेलच्या खाचेत खाऱ्या हवेने धरलेला पांढरट हिरवा थर. त्या रात्री सेलने मान टाकली, बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ जागी गेल्या, आणि त्या बोर्डाची मूळ सेटिंग रेड होती. विंडोज बसवलेलं एएचसीआयवर.

खाच घासून नवा सेल घातला, तारीख लावली, पद्धत परत एएचसीआय केली. चालू. त्यांनी पहिली फाइल उघडली ती उधारीची.

तेव्हा अपडेटनंतर मशीन पडलं तर आधी बायोसमधली तारीख बघा. ती चुकलेली असेल तर अपडेट काढायच्या नादाला लागूच नका.

ते बिटलॉकरची किल्ली मागतंय, मी तर कधी कुलूप लावलंच नाही!

तुम्ही नाही, विंडोजने लावलं. बिटलॉकर हे डिस्कला लागणारं त्याचंच कुलूप. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. एरवी ते जाणवत नाही. बायोसची सेटिंग बदलली, काही फर्मवेअर अपडेट झाली, किंवा एखाद्या विंडोज अपडेटमध्येच गडबड असली की किल्ली मागितली जाते. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर असं झालं होतं, आणि मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही मशीनांवरही. दुसऱ्या वेळी मायक्रोसॉफ्टला मध्येच तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. दुसऱ्या फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसच्या नावाखाली ती सापडते. खातं कुठल्या ईमेलचं होतं ते आठवत नाही, हे मला रोज ऐकायला लागतं. दुकानदाराने लॅपटॉप विकताना स्वतःच खातं काढून दिलेलं असतं, त्याला विचारा.

किल्ली सापडली नाही तर मी काही करू शकत नाही, दुसरंही कोणी करू शकत नाही. "तोडून देतो" म्हणणारा पैसे घेऊन डिस्क पुसून देतो.

चाकरमान्यांसाठी: लॅपटॉप कंपनीचा असेल तर किल्ली कंपनीच्या आयटीवाल्यांकडे असते. त्यांना फोन करा, माझ्याकडे आणू नका. मी कंपनीच्या लॅपटॉपचा स्क्रूसुद्धा सोडत नाही.

वर बायोसमध्ये पद्धत बदलायचं सांगितलं ते कुलूप असलेल्या मशीनवर करायच्या आधी किल्ली कागदावर हवी. क्रम चुकवू नका.

विंडोज नव्याने टाकायला घेतलं, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

इंटेलची अकरावी पिढी किंवा त्यापुढचा लॅपटॉप असेल तर बहुधा व्हीएमडी चालू आहे आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून फोल्डरच्या रूपात पेनड्राइव्हवर ठेवा, आणि डिस्क निवडायच्या पानावर "लोड ड्रायव्हर" दाबून तो फोल्डर दाखवा. नुसती सेटअपची फाइल ठेवून चालत नाही. डिस्क लगेच दिसते.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. कोरं विंडोज टाकणार असाल तर ठीक, आधीचं विंडोज वाचवायचं असेल तर नाही.

बाहेरची हार्डडिस्क अपडेटनंतर उघडत नाही. "फॉरमॅट करायची का" असं विचारतंय.

कॅन्सल.

मग केबल बदला. इथल्या हवेत यूएसबीच्या टोकांना गंज धरतो, वरून कळतही नाही. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात लावा, पुढच्यांना करंट अपुरा पडतो. तरी नाही झालं तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क दिसतेय पण नुसतं अक्षर नाही, असं असेल तर अक्षर द्या. "रॉ" असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा आणि माहीतगाराकडे न्या. लग्नाचे फोटो काढणारे एकजण अशा वेळी "फॉरमॅट करून मग रिकव्हर करू" म्हणाले होते. दोन मोसमांची लग्नं त्या एका डिस्कवर होती, दुसरी प्रत कुठेच नाही. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

याच वर्गातली एक कुरबूर: विंडोज सिक्युरिटीत "मेमरी इंटिग्रिटी" चालू होत नाही, आणि अडवणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत डब्ल्यूडीसीसॅम६४ अशा नावाचं काहीतरी दिसतं. वेस्टर्न डिजिटलच्या बाहेरच्या डिस्कसोबत आलेला तो जुना ड्रायव्हर आहे. काढून टाका. डिस्क त्याच्याशिवाय व्यवस्थित चालते, आतल्या फाइलींना काही होत नाही.

ऑफिसातली नॅस किंवा राउटरला लावलेली डिस्क दिसेनाशी झाली. हाही ड्रायव्हरच का?

नाही, पण तक्रार त्याच शब्दांत येते. (नॅस म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांनी मिळून वापरायची डिस्कची पेटी.) विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून नेटवर्कवरच्या डिस्कशी बोलताना डिजिटल सही सक्तीची झाली आणि पासवर्डाशिवायचा पाहुणा-प्रवेश बंद झाला. जुनी नॅस त्यात बसत नाही. नॅसवर युजर आणि पासवर्ड तयार करा, तिचं फर्मवेअर नवं करा. ती फक्त एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्या-घेण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीच जाणत असेल तर तिला निरोप द्या. विंडोजची सुरक्षा उतरवून तिला जगवू नका.

पतसंस्थेचा सर्व्हर आहे, रेड कार्डावर. तिथे काय वेगळं?

रेड कार्डाचा ड्रायव्हर आणि त्याचं फर्मवेअर ही जोडी असते, आणि कुठल्या फर्मवेअरला कुठला ड्रायव्हर चालतो याचा तक्ता कार्ड बनवणारी कंपनी देते. एकच बदलून दुसरं जुनं ठेवलं की डिस्का मधूनच गळायला लागतात. मार्चअखेरीस हात लावू नका. आणि रेड म्हणजे बॅकअप असं संचालक मंडळाच्या बैठकीत कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे खोडून काढा.

मी उबंटू वापरतो. कर्नल अपडेट झाल्यावर चालू होत नाही.

तुमचं काम सोपं आहे. चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, ग्रबच्या, म्हणजे चालू होतानाच्या यादीच्या, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. जुना कर्नल मुद्दाम ठेवलेलाच असतो. विंडोजने हे शिकायला हवं होतं.

"अननोन ब्लॉक" म्हणून कर्नल पॅनिक आला असेल तर बहुधा नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) नीट तयार झाली नाही, बरेचदा बूट पार्टिशन भरल्यामुळे. जागा करा आणि ती पुन्हा बनवा. रेड कार्डाचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो, तो डीकेएमएसने प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बनावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सहीही लागते. रेड हॅटच्या घराण्यातली लिनक्स वापरत असाल तर आठव्या आवृत्तीपासून बऱ्याच जुन्या रेड कार्डांचा आधार काढून टाकलाय, हे सर्व्हर बदलताना लक्षात ठेवा.

आणि मॅक?

आतल्या डिस्कचा ड्रायव्हर ॲपलचाच, तिथे सहसा काही होत नाही. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर, लिहिण्यासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर मॅकओएसच्या नव्या आवृत्तीआधी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय का ते बघा.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

जूनमध्ये हा प्रश्न "तर" म्हणून नसतो, "गेलीच आहे" म्हणून असतो. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याची चिंता कमी. डेस्कटॉप असेल तर लाईट आल्यावर चालू करा आणि हात बांधून बसा. विंडोज बहुतेक वेळा झालेले बदल आपणहून मागे घेतं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर त्याला दोन तासही लागतात. या वेळात अधीर होऊन बटण दाबणारे लोक माझा धंदा चालवतात.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं, त्यावर यूपीएस लिहिलेलं. ते त्या बाजूला नसेल तर लाईट जाताना क्षणभर खंड पडतो, पंखा फिरत राहतो पण कॉम्प्युटर बंद होतो. जाऊन बघा एकदा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा मोठ्या खंडानंतर मशीन चालू केलं तर पहिल्या दिवशी अपडेट नको. आधी ते नीट उठतंय का बघा, डाटा बाहेर काढा, मग पुढचं.

मग अपडेट बंदच करून टाकू का?

नको. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि जगभर मशीनांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी आलेलं होतं. ड्रायव्हर रुसला तर तासा-दोन तासात समजूत निघते. खंडणीखोर शिरला तर नाही निघत.

माझा बेत असा: मंगळवारचं अपडेट एक आठवडा थांबवायचं, सेटिंग्जमध्ये तसं बटण आहे, पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येतं. आठवड्याभरात काही बोंब झाली नाही तर घ्यायचं, शनिवारी दुपारी, बॅकअप काढून. मोठ्या आवृत्तीसाठी दोन महिने थांबलं तरी काही बिघडत नाही. आंब्याच्या मोसमात किंवा दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची रांग लागलेली असताना मोठ्या आवृत्तीचं नावही काढायचं नाही.

विंडोज १० वाल्यांची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नोंदणी करून घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळते, तेवढ्यात पुढचा विचार करा.

आधीपासून काय तयारी ठेवू?

डिव्हाइस मॅनेजर उघडा, "स्टोरेज कंट्रोलर्स" आणि "आयडीई एटीए" या दोन्ही ओळी उघडून ड्रायव्हरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती लिहून घ्या. बायोसमध्ये पद्धत कुठली आहे त्याचा फोनवर फोटो. बिटलॉकरची किल्ली कागदावर, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको. विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह एक, त्यातच तुमच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर फोल्डर. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवायची नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज पडली की जे जे लावलेलं असतं ते एकदम जातं.

तुमच्याकडे आणायचं झालं तर काय काय आणू?

निळ्या स्क्रीनचा फोटो. शेवटचं चालू होतं तेव्हा काय केलं होतं ते खरं खरं सांगा. भाच्याने काही दाबलं असेल तर भाच्यालाही आणा. किल्लीचा कागद. आणि चार्जर! मालवणहून लोक पाऊण-एक तास बसने येतात आणि चार्जर घरी राहिलेला असतो.